स्कॉटलंडच्या आयला बेटाला शिडाच्या बोटीने गेलो: व्हिस्कीच्या आठ डिस्टिलऱ्या कबूल, पाच मिळाल्या

आधी पैशांचं सांगते, कारण परत आल्यापासून जो भेटतो तो पहिलं तेच विचारतो. माणशी साधारण दीड हजार पौंड, सात रात्री, त्यात बोट, कॅप्टन, जेवणखाण आणि बंदराचं भाडं आलं. डिस्टिलरीच्या टूरचे पैसे वेगळे, विमान वेगळं, ग्लासगो ते ओबन ट्रेन वेगळी आणि यूकेचा व्हिसा वेगळा (शेंगेनवर तिकडे जाता येत नाही, अजूनही लोक विचारतात म्हणून लिहिलं). एवढ्यात गाडी भाड्याने घेऊन आरामात दुप्पट डिस्टिलऱ्या बघून होतात. तरी मी म्हणेन बोटीनेच जा, पण कशासाठी ते नीट वाचून जा, नुसती जाहिरात बघून गेलात तर बुधवारी सकाळी माझ्या भावोजींचं झालं तसं तोंड होईल.

तर झालं असं की भावोजींची साठी आली. ताई आणि भावोजी लीड्सला असतात गेली पंचवीस वर्षं, त्यांना व्हिस्कीचा शौक म्हणजे कपाट भरून बाटल्या आणि प्रत्येकीची कुंडली पाठ. त्यांच्या मनात होतं की स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्याने शिडाच्या बोटीतून आयलाला जायचं. आम्ही दोघं ठाण्याहून. नवऱ्याला व्हिस्की म्हणजे सोडा, बर्फ आणि चकणा, आणि मी वाईनच्या एका ग्लासापुढे कधी न गेलेली बाई. पण मी मूळची देवगडची, मामा ट्रॉलरवर तांडेल होता, त्यामुळे समुद्राचं मला कोणी शिकवायची गरज नाही असा माझा समज होता, तो पहिल्या दोन तासांत गेला. पाणी तेच हो, पण जून महिन्यात अंगावर थर्मल, स्वेटर, वर त्यांनी दिलेला तो पिवळा जाड रेनकोट आणि तरी दात वाजतायत, हे देवगडला कुठे बघितलेलं!

आणि हो, बेटाचं नाव. लिहितात इस्ले, म्हणतात आयला. नवऱ्याने पहिल्यांदा ऐकलं तेव्हा म्हणाला आयला! ताई म्हणाली बरोब्बर, तसंच. तो विनोद पुढे सात दिवस चालला, शेवटी शेवटी बोटीवरचा डच माणूस पण योग्य जागी आयला म्हणायला लागला होता.

कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण पुढे तक्रार आहे. बोट मात्र छान. पन्नासेक फुटी, दोन डोलकाठ्यांची, पाहुणे आठ आणि वर कॅप्टन आणि एक मुलगी, जी स्वयंपाक पण करायची आणि शिडं पण ओढायची. केबिन म्हणजे रेल्वेच्या थ्री टियरचे दोन बर्थ एका कपाटात घातले तर जेवढं होईल तेवढी जागा. उठून बसलात की डोकं आपटतं. संडासाला हातपंप, आधी व्हॉल्व्ह उघडायचा, वीस वेळा पंप मारायचा, मग व्हॉल्व्ह बंद, आणि हे सगळं बोट तिरकी असताना. कॅप्टनने पहिल्या संध्याकाळी त्याचं डेमॉन्स्ट्रेशन दिलं तेव्हा भावोजींचा चेहरा बघण्यासारखा होता, ज्या माणसाने ह्या ट्रिपसाठी टाय आणला होता! गुडघे दुखत असतील किंवा रात्री दोनतीनदा उठावं लागत असेल तर खरंच विचार करा, हे मी गमतीत लिहीत नाहीये.

ओबनला शनिवारी दुपारीच पोचा. गाव लहान आहे आणि डिस्टिलरी अगदी गावाच्या मध्यात, 1794 ची, म्हणजे आधी भट्टी आणि मग तिच्याभोवती गाव वाढलं. तिथली टूर बोटीत चढायच्या आधीच करून घेतली आणि बंदरावरच्या हिरव्या टपरीवर कालवं आणि शिंपले खाल्ले. कालवं कच्ची देतात, वर लिंबू. मला आपली खोबऱ्याच्या वाटपातलीच बरी वाटतात, पण ताजी होती ह्यात वाद नाही.

रविवारी सकाळी निघालो तेव्हा कॅप्टनने नकाशा पसरून आधी भरती-ओहोटीचं वेळापत्रक समजावलं. ह्या भागात वारा एक वेळ नसला तरी चालेल, पण पाण्याच्या ओढीच्या उलट गेलात तर इंजिन लावून पण बोट जागच्या जागी राहते. ओहोटी दक्षिणेला ओढते, ती पकडायची आणि जुराच्या खाडीतून सरळ खाली यायचं. वाटेत जुरा आणि स्कार्बा ह्या दोन बेटांच्या मधे कॉरीव्रेकन नावाचा भोवरा लागतो. तळातून एक सुळका वर आलाय आणि आठ नॉटपेक्षा जास्त वेगाने पाणी त्याच्यावर आपटतं. आम्ही लांबून गेलो, शांत दिवस होता, तरी त्या तोंडाशी पाणी असं दिसत होतं की जसं मोठ्या पातेल्यात आधण आलंय पण वाफ नाही. आयलावरच्या आर्डबेग डिस्टिलरीची ह्या भोवऱ्याच्या नावाची व्हिस्की आहे, भावोजींकडे ती बाटली आहे, त्यांनी तिथे उभं राहून हात जोडले. मी पण जोडले, वेगळ्या कारणाने. आलेपाकाच्या वड्या नेल्या होत्या त्या त्या दिवशी कामी आल्या, डच बाईने अर्धं पाकीट संपवलं.

जुरा म्हणजे माणसं दोन-अडीचशे, हरणं पाच हजारांच्या वर, एक रस्ता, एक हॉटेल, एक डिस्टिलरी. क्रेगहाऊस गावासमोर बोट बॉयाला बांधली आणि रबरी डिंगीतून किनाऱ्याला गेलो. रात्री साडेदहाला उजेड होता. बेटाचे ते तीन गोल डोंगर, त्यातला सर्वांत उंच 785 मीटर, म्हणजे आपल्या सह्याद्रीपुढे काहीच नाही, पण समुद्रातून सरळ उठतो म्हणून केवढा तरी वाटतो. जुराची टूर बरी आहे, फार लक्षात राहिली नाही.

सोमवारी दुपारी मात्र जे झालं त्यासाठीच हा रिव्ह्यू लिहायला घेतलाय. आयलाच्या दक्षिण किनाऱ्याने पोर्ट एलनकडे येताना आधी खडक, मधेमधे सील पडलेले, आणि मग लांबून एक पांढरी भिंत दिसायला लागते. जवळ आलात की तिच्यावर काळ्या रंगात माणसापेक्षा उंच अक्षरं, आर्डबेग. मग खडकाळ तोंडाचा एक छोटा उपसागर, कडेला डनीवेग किल्ल्याचं पडकं टोक, मागे परत पांढरी भिंत, लागावूलिन. आणि पुढे लफ्रॉइग. दीड दोन तासांत तिन्ही डिस्टिलऱ्या. भावोजी काहीच बोलत नव्हते, जे त्यांच्या बाबतीत फार दुर्मिळ आहे. मी कॅप्टनला विचारलं की नावं समुद्राच्या बाजूला का, तर तो म्हणाला गिऱ्हाईक समुद्रातून यायचं ना. धान्य आणि कोळसा घेऊन छोट्या आगबोटी यायच्या आणि जाताना भरलेली पिंपं घेऊन जायच्या, रस्ता ही नंतरची गोष्ट. म्हणजे गाडीने गेलात तर तुम्ही ह्या घरांच्या मागच्या अंगणातून आत शिरता, पार्किंग, टॉयलेट, गिफ्ट शॉप. ओटी आणि तुळस सगळं समुद्राकडे आहे. नवरा म्हणाला आपल्याकडे विजयदुर्ग खाडीतून होडीने बघतो आणि एसटी स्टँडवरून बघतो त्यात जेवढा फरक, तेवढा. बरोबर बोलला, कधी कधी बोलतो.

पोर्ट एलनला मरिना आहे, पाण्यावर तरंगती जेट्टी, उतरून सरळ चालायला लागायचं. बंदराच्या तोंडाशी एक चौकोनी पांढरं दीपगृह आहे, 1832 चं, ज्या बाईच्या नावावरून गावाला नाव पडलं तिच्या नवऱ्याने तिच्या आठवणीत बांधलं.

मंगळवारी तिन्ही डिस्टिलऱ्या चालत. पोर्ट एलनपासून आर्डबेगपर्यंत साडेपाच किलोमीटरच्या आसपास पायवाट आहे, रस्त्याच्या कडेने, मधे मेंढ्या. ही वाट करून ठेवली हे फार शहाणपणाचं काम, कारण स्कॉटलंडमध्ये गाडी चालवताना दारूची मर्यादा इंग्लंडपेक्षा पण कडक आहे, म्हणजे गाडीवाल्या ग्रुपमधला एकजण दिवसभर नुसता वास घेत फिरतो. त्याला त्याच्या वाटणीची व्हिस्की छोट्या बाटलीत भरून देतात. आम्हाला गाडी नव्हती तरी मी माझ्या सगळ्या बाटलीत मागून घेतल्या.

लफ्रॉइगला अजून थोडीफार बार्ली ते स्वतः जमिनीवर पसरून मोड आणतात. गाईड जर्मिनेशन वगैरे सांगत होती, ताई माझ्या कानात म्हणाली मटकी गं मटकी. तेच आहे! सातू भिजवायचे, मोड आणायचे, आणि मोड जास्त वाढायच्या आत भट्टीच्या धुराने वाळवायचे. धूर कशाचा, तर पीटचा. पीट म्हणजे दलदलीत हजारो वर्षं कुजलेलं गवत आणि शेवाळ, ते विटांसारखं कापून माळावर रचून वाळवतात, लांबून अगदी गोवऱ्यांचा उडवा. मला त्या भट्टीच्या तोंडाशी उभं केलं आणि हातात एक ढेकूळ दिलं. हलकं, थर्माकोलसारखं, मधे गवताच्या काड्या तशाच दिसतात. आणि मग ग्लास नाकाशी नेला आणि मला एकदम आमच्या देवगडच्या घराची पडवी आठवली, पावसाळ्यात चुलीवर सुका बांगडा भाजताना त्याचा एक कोपरा जळतो ना, तो वास, आणि त्याच्या मागून सरकारी दवाखान्यातलं आयोडीन. मी हे मोठ्याने म्हटलं. भावोजी दुखावले. गाईडला ताईने भाषांतर करून सांगितलं तर ती म्हणाली स्मोक्ड फिश, परफेक्ट, बरेच लोक तेच म्हणतात. आता बोला.

पुढची गोष्ट कोकणातल्या आणि गोव्याच्या माणसाला गाईडशिवाय कळेल. आंबवलेलं पाणी लाकडी टाक्यांत फसफसत असतं, झाकण उचललं की इडलीच्या पिठाचा वास येतो आणि नाक जरा पुढे नेलं तर डोळ्यातून पाणी. ते तांब्याच्या भांड्यात उकळून एकदा काढतात आणि ते काढलेलं परत एकदा. काजूची भाटी बघितली असेल तर तेच, पहिल्या वेळी उर्राक, परत काढली की फेणी. फरक एवढाच की फेणी आपण लगेच पितो आणि हे लोक ओकच्या पिंपात भरून कमीत कमी तीन वर्षं थांबतात, कायदाच आहे तसा, त्याशिवाय स्कॉच म्हणताच येत नाही, आणि चांगल्या बाटलीसाठी दहा, सोळा वर्षं. त्या काळात दर वर्षी दोनेक टक्के उडून जातं, त्याला देवदूतांचा वाटा म्हणतात. गोव्यात कुंकळ्ळीला पॉल जॉनची सिंगल माल्ट बनते, तिथल्या उकाड्यात हा वाटा कितीतरी जास्त जातो पण व्हिस्की तयार पण लवकर होते. आपले देवदूत जरा जास्त पितात एवढंच.

सगळ्यांत चांगला तास लागावूलिनच्या गोदामात गेला. हिला नुसती टूर घेऊ नका, वेअरहाऊस टेस्टिंगच घ्या. अंधारं, दगडी भिंती, गारठा, पायाखाली ओलसर जमीन आणि पिंपांच्या रांगा. आम्ही पंधराएक लोक पिंपांच्या मधे बाकड्यांवर बसलेलो. त्या माणसाने पिंपाचं बूच लाकडी हातोडीने कडेकडेने ठोकून सैल केलं, आत एक लांब तांब्याची नळी बुडवली, वरचं तोंड अंगठ्याने दाबून बाहेर काढली आणि थेट ग्लासात सोडली. पाणी नाही, गाळलेली नाही, तळाला कोळशाची काळी पूड फिरत होती. मी एक घोट घेतला. पहिल्यांदा कळलं की भावोजी पंचवीस वर्षं काय बडबडत होते. आधी गोड, मनुकांसारखं, आणि धूर नंतर येतो, गिळून झाल्यावर, आणि परत वर येतो. नवऱ्याने सोडा आहे का विचारू का असं मला विचारलं, मी चिमटा काढला.

आर्डबेगला जेवलो, धान्य वाळवायच्या जुन्या भट्टीच्या इमारतीतच कॅफे आहे, सूप मस्त होतं. ही डिस्टिलरी 1981 मध्ये बंद पडली होती, मधे थोडी चालू, आणि 1997 मध्ये दुसऱ्या कंपनीने घेतली तेव्हा जीव आला. पोर्ट एलनची तर 1983 ला बंद झालेली भट्टी 2024 मध्ये परत पेटवली. खारं पाणी आणि गोदामावर आपटणाऱ्या लाटा ह्यांनी व्हिस्कीला चव येते असं सगळे सांगतात, ते किती खरं माहीत नाही बाबा, कारण आता ह्या बेटावरची बरीचशी दारू टँकरने मुख्य भूमीवर जाऊन तिकडेच मुरते. पण त्या गोदामात बसून ऐकलं की पटतं.

आता तक्रार. बुधवारचा अंदाज आदल्या रात्री रेडिओवर आला, नैऋत्य वारा, जोर सात, मधेमधे आठ. कॅप्टनने रेडिओ बंद केला आणि म्हणाला उद्या कोणी कुठे जात नाही. बुधवारी आम्ही बेटाच्या पूर्व बाजूला जाऊन दोन डिस्टिलऱ्या करणार होतो आणि एकीची टूर कंपनीनेच "आधी बुक करून ठेवा" म्हणून ईमेल केल्यामुळे आम्ही पैसे भरून ठेवली होती. ते गेले, चौघांचे. कॅप्टनची काही चूक नाही, मामा असता तर त्याने पण बोट काढली नसती, जेट्टीला बांधलेली असून दोर करकरत होते आणि डोलकाठीतून शिट्टी वाजत होती. माझा राग कंपनीवर आहे. जाहिरातीत आठ डिस्टिलऱ्या, प्रत्येकीचा फोटो, वार टाकून कार्यक्रम, आणि फोन केला तर म्हणे ते इंडिकेटिव्ह आहे, अटींमध्ये लिहिलंय. लिहिलंय खरं, चौथ्या पानावर. अरे मग पहिल्या पानावर लिहा ना की वारा ठरवेल! आम्ही तरीही आलो असतो. भावोजींनी दिवसभर पत्ते खेळले आणि कोणाशी धड बोलले नाहीत.

गुरुवारी वारा पडला पण लाटा राहिल्या. गुरुवार म्हणजे ताईचा दत्ताचा वार, तिचं मांसमच्छी आणि दारू बंद, आणि नेमकं त्या दिवशी स्वयंपाकाच्या मुलीने किपर, म्हणजे धुरावलेले हेरिंग मासे, भाजलेले आणि भावोजींनी लागावूलिन उघडलेली. ताईने ब्रेड आणि केळं खाल्लं आणि आमच्यात ती एकटीच होती जिला त्या दिवशी उलटी झाली नाही. बोट चालू असताना कोणालाच प्यायला मिळत नाही बरं का, नांगर पडल्यावरच, हा कॅप्टनचा नियम आणि मला आवडला. उघडलेली बाटली भावोजींना बूच लावून परत ठेवावी लागली.

आयला आणि जुराच्या मधल्या चिंचोळ्या खाडीतून भरतीबरोबर वर निघालो. बोटीचा स्वतःचा वेग सहा नॉट आणि खालून पाण्याचे जवळजवळ पाच, किनारा असा सरकत होता की लोकलमधून बघतोय. डाव्या हाताला कुलीला आली. हिच्या भट्टीघराला समुद्राच्या बाजूने सगळी काच आहे, त्यामुळे आत ती मोठी तांब्याची भांडी रांगेत उभी दिसतात. ढग होते, एक मिनिट ऊन पडलं, आणि ती सगळी भांडी एकदम घासून ठेवलेल्या कळशांसारखी पेटली. मग वळण आलं आणि गेली. उतरता आलं नाही, थांबता आलं नाही, टूरचे पैसे बुडाले, तरी सगळ्या ट्रिपमधली माझ्या डोळ्यासमोर असलेली डिस्टिलरी हीच.

शुक्रवारी स्टाफा. तिथे बेटच काळ्या षटकोनी खांबांचं आहे आणि खांबांच्या मधे गुहा. उसळी होती म्हणून उतरू दिलं नाही, दोन चकरा मारल्या. सगळे फोटो काढत होते आणि नवरा म्हणाला, हे अंधेरीला आहे. इंग्रज जोडप्याला वाटलं चेष्टा करतोय. पण खरंच आहे की, गिल्बर्ट हिल, तोच बेसॉल्ट, तसेच उभे खांब, दोनशे फूट उंच आणि वर गावदेवीचं देऊळ, फक्त चारी बाजूंनी बिल्डिंगा. फोनवर फोटो दाखवला तेव्हा त्यांचा विश्वास बसला. टोबरमोरी गावाला पोचेपर्यंत तिथल्या डिस्टिलरीची शेवटची टूर सुटून गेलेली, दुकानातून एक बाटली घेतली, रंगीत घरांचे फोटो काढले, शनिवारी ओबन.

जायचं असेल तर काही गोष्टी. मे अखेरीला आयलावर मोठा व्हिस्कीचा उत्सव असतो, तेव्हा जागा मिळणार नाही, तो आठवडा टाळा. वारा पडला की मिज म्हणून चिलटं येतात, डासापेक्षा बारीक आणि डासापेक्षा हरामी, फवारा तिथूनच घ्या, आपलं ओडोमॉस त्यांना अत्तर वाटतं. चाकाची बॅग नेऊ नका, बोटीत ठेवायला जागा नाही, कापडी पिशवी न्या. आणि टूर आधी बुक करायच्याच असतील तर पैसे परत मिळणाऱ्याच करा. ज्याला यादी पुरी करायची आहे त्याने सरळ फेरीने जाऊन गाडी घ्यावी. बोटीला माझे पाचपैकी साडेचार, कॅप्टनला पाच, कंपनीच्या ऑफिसला दीड.

परत येताना माणशी दोन लिटर ड्यूटी फ्री, त्यात बसेल तेवढं आणलं. माझ्या त्या छोट्या बाटल्या पण आणल्या आणि पुढच्या महिन्यात देवगडला गेले तेव्हा भाऊ म्हणाला बघू तरी. पडवीत बसून लफ्रॉइगची बाटली उघडली, दोन ग्लासांत थोडी थोडी ओतली, पाच मिनिटंसुद्धा झाली नसतील. आतून आईचा आवाज आला, "काय गो, बांगडो करपलो काय तुझो?"